अक्का, ते झाकण कुणासाठी लपवलंस?

अक्का, तुझ्या झोळीत ते झाकण कामून होतं?

तू गेलीस, आपल्या रीतीनं तुला मातीत बसवून आलो, त्याच्या तिसऱ्या दिवशी रत्नानं मला बोलावून घेतलं. "नंदामावशी, आईची रानातली झोळी तूच घेऊन जा. खुंटीवर दिसली की मला वाटायलंय, ही आता पायताण घालून निघनार." तुझी लेक रडत नव्हती, घर झाडत होती. झाडलेलंच परत झाडत होती. मी झोळी घेतली अन् घरी येऊन पलंगावर उपडी केली. दोरीचं वेटोळं. पितळी तांब्या. विभूतीचा गोळा. पायाचे फोड फोडायची सुई, दोरा ओवलेला. अन् तळाशी जुन्या चोळीच्या तुकड्यात गुंडाळून वरून गाठ मारलेलं, निळं, ताटलीएवढं, फिरकीचं झाकण.

माझ्या ड्रमाचं झाकण. जे नल्लमलाच्या रानात हरवलं असं आपण सगळ्याजणी तीन वर्षं धरून चाललो होतो.

ते हातात घेऊन बसले. आधी राग आला. मग भीती वाटली. मग काय वाटलं ते मला अजून सांगता येत नाही, अन् मी काही शब्दाला कमी पडणारी बाई नाही. आपल्या घराण्यात पहिली पदवी माझी. बी.एस्सी. त्याचा मला अभिमान आहे अन् तो मी झाकत नाही. बसवकल्याणातल्या आपल्या गल्लीत म्हणतात, नंदा लई टेचात असती. असते. शाळेत मी विज्ञान शिकवते, लेकरांना विचारते, हे झालं तर कशामुळं झालं? इथं माझ्या मांडीवर जे झालं ते पडलेलं होतं अन् कशामुळं, ते सांगणारी मातीत बसली होती.

तू नुसती चुलत बहीण, तीही पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. तुला तिसरीतून काढलं, गुरं राखायला. मला बीदरला कॉलेजात घालायची वेळ आली तेव्हा अप्पा म्हणाले, पोरगी तिकडं खाईल काय? तू ओसरीवर ज्वारी पाखडत होतीस. सूप न थांबवता म्हणालीस, "भाकरी मी पोचवते. तिला जाऊ द्या." एवढंच. अन् तीन वर्षं पोचवल्यास. दर शनिवारी बसनं बीदरच्या मैलूर भागात यायचीस, माझ्या त्या खोलीत आठवड्याच्या कडक भाकरी ठेवायचीस अन् परतीच्या बसनं जायचीस. खोलीवर एक रात्र राहिली नाहीस कधी. म्हशी होत्या.

पहिल्याच आठवड्यात भाकरी उंदरांनी खाल्ल्या. मी रडले अन् औषध आणायला निघाले. तू मला खाली बसवलंस. छताच्या कडीतून दोरी सोडलीस, दोरीत मधोमध एक फुटकी थाळी भोक पाडून ओवलीस, खाली फडकं बांधलंस. उंदीर दोरीवरनं उतरला तर थाळीवरनं घसरून पडेल. मी बघत राहिले. तू म्हणालीस, "भूक काय माणसालाच लागती का? त्यानं त्याच्या जाग्यावर खावं, आपुन आपल्या जाग्यावर. मधी दोरी पायजे, बस."

पुढं रानात हीच दोरी भेटली.

श्रीशैलच्या मल्लय्याला जाणारी आपली टोळी सात बायकांची. घरापासून पायी जाणारे लोक वेगळे. आपल्याला शेती, शाळा, लेकरं. आत्मकूरपर्यंत जीप करायची अन् पुढचं रान तेवढं तीन दिवसांत पायी काढायचं. पाडव्याच्या आधी वाट उघडली की पहिल्याच दिवशी आत शिरायचं, ही तुझी शिस्त. मागून हजारो लोक येतात, मग पाणी गढूळ हुतंय, म्हणायचीस. पण पहिल्या दिवशी रान अजून रानाचंच असतं. मोहाची फुलं टपटप पडत असतात, अन् ती खायला पहाटे-संध्याकाळी अस्वलं येतात.

आणि आपली शिदोरी म्हणजे अस्वलाला धाडलेलं आवतण. भाकरीचं सोड, पण शेंगापोळी? भाजलेला शेंगदाणा, गूळ, तीळ, वरून तूप. फडकं सोडलं की चार झाडांपलीकडं वास जायचा. शेंगापोळी नेऊ नका असं कुणी म्हणणं शक्यच नव्हतं. मल्लय्याला काय भाकरीवर जायचं का?

म्हणून तुझा तो नियम. रांधायचं एकीकडं, निजायचं दुसरीकडं, शिदोरी तिसरीकडं. किती लांब? मी पहिल्या वर्षी वही काढून विचारलं होतं. तू म्हणालीस, "हाक मारली तर ऐकू यावी अन् वास येऊ नये, इतकं." मी लिहिलं, अंदाजे शंभर पावलं. दिवस असतानाच जेवायचं, हात-तोंड धुवायचं, ज्या लुगड्यावर तूप सांडलं ते लुगडंसुद्धा शिदोरीबरोबर बांधायचं. अन् शिदोरी फांदीला टांगायची नाही, अस्वल झाडावर चढतंय. दोन झाडांच्या मधोमध दोरी ताणायची, तिच्यावरनं दुसरी दोरी टाकून बोचकं वर ओढायचं, उभ्या अस्वलाच्या हाताला लागणार नाही इतकं. हे तुला त्या रानातच राहणाऱ्या चेंचू लोकांतल्या एका बाईनं शिकवलं होतं, तू तरुण असताना. तुझं तेलुगू औरादच्या मावशीकडनं आलेलं, मोडकं. तिचं तसलंच कन्नड. त्या बाईचं एक वाक्य तू दर वर्षी रानाच्या तोंडाशी सगळ्यांना ऐकवायचीस. अस्वल माणूस खायला येत न्हाई, गोड खायला येतंय. पण त्याला दिसत न्हाई धड. मधी माणूस आला की ते घाबरतंय, अन् घाबरलं की हात टाकतंय.

मग मी ड्रम आणला.

मोबाइलवर व्हिडिओ बघितला होता. परदेशातली माणसं डोंगरात जातात, घट्ट झाकणाच्या टणक डब्यात खाणं ठेवतात, अस्वल डबा लोळवतं, चावतं अन् कंटाळून निघून जातं. मी तो तुला दाखवला. तू चष्मा नाही म्हणून फोन लांब धरून बघितलास.

"त्यांचं खानं काय असतंय?"

"बिस्किट, शेवया, असलं काहीतरी."

"मग बराबर हाय. कंटाळनारच की अस्वल."

बायका हसून हसून पडल्या. पण मी निळा ड्रम आणलाच, फिरकीच्या झाकणाचा. वास बाहेर येणारच नाही तर टांगायचं कशाला, उशाशी ठेवू, हे माझं म्हणणं. तू म्हणायचीस, "वास कुटं जातो गं, झाकन लावल्यावर? मरतो का?" मी म्हणायचे, आतच राहतो. तू म्हणायचीस, "मग आपल्या हाताचा वास? झाकनाला तूप लागलंय त्याचा?" यावर मी आणखी मोठ्यानं बोलायचे. बांबूला मधोमध बांधून दोघी-दोघी तो ड्रम खांद्यावर न्यायचो तर काशीमावशी अंगाई म्हणायची. "निजव गं नंदा, तुझा बाळ रडायलाय." ड्रमाचं नावच पडलं, मास्तरणीचा पाळणा.

काशीमावशी म्हणजे तुझी लहानपणापासूनची मैत्रीण, गल्लीच्या तोंडाशी राहणारी. हे मी तुला कशाला सांगतेय? इतरांनी वाचलं तर कळावं म्हणून सांगतेय.

शेवटी तोडगा निघाला. शिदोरी ड्रमात, झाकण घट्ट, अन् ड्रम दोरीवर. दोघींचंही राहिलं. दोन वर्षं सुरळीत गेली.

तिसऱ्या वर्षीचा तो दुसरा मुक्काम, आटत आलेल्या तळ्याजवळचा. तो मी मनात इतक्या वेळा मांडलाय की आता त्यातलं खरं किती अन् मी घातलेलं किती, मला सांगता येणार नाही. तरी सांगते. उजेड असतानाच जेवणं झाली. तू ड्रम टांगलास, गाठ मारलीस अन् तळ्यावर हात धुवायला गेलीस. बाकीच्या आडव्या व्हायच्या तयारीत. मी माझी पिशवी उघडली तर कागदात गुंडाळलेल्या तीन शेंगापोळ्या. दुपारी वाटेत खायला काढलेल्या अन् विसरलेल्या. पिशवीत खाणं ठेवायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना घोकून दाखवलेला. मला लाज वाटली. तुला कळायच्या आत मी झाडाकडं गेले, तुझी गाठ सोडायला गेले तर ती सुटेना. दाताखाली धरून कशीबशी सोडली, ड्रम खाली घेतला, पोळ्या आत टाकल्या, झाकण फिरवलं, ड्रम वर ओढला अन् गाठ मारली.

माझी गाठ, अक्का. बुटाच्या नाडीला मारतात तसली. मला दुसरी येत नव्हती.

झाकण मी फिरवलं, हे मला आठवतं. घट्ट बसलं का, हे आठवत नाही. त्या झाकणाचा आटा नीट नाही लागला तर ते तिरकं बसतं अन् हाताला घट्टच लागतं. शाळेत जारची झाकणं लावताना मी लेकरांना सांगते, आधी उलटं फिरवा, टक् आवाज आला की सुलटं. मी त्या संध्याकाळी उलटं फिरवलं होतं का?

पहाटे आधी पातेलं पडल्यासारखा आवाज आला. मग काशीमावशीचं ओरडणं. ती तळ्याकडं जायला उठली होती. झुंजूमुंजू झालेलं. ड्रम खाली पडलेला, अस्वल त्यात तोंड घालून बसलेलं, अन् ही पाऊलवाटेनं सरळ त्याच्या अंगावर. ते दोन पायांवर उभं राहिलं अन् एकच हात टाकला. खांदा फाटला, अन् पडताना कोपर दगडावर आपटलं. आम्ही ताटं बडवली, ओरडलो. अस्वल आमच्याकडं न बघता झुडपात शिरलं. त्याच्या नाकाला शेंगापोळी लागली होती. असल्या वेळी असलं का दिसतं माणसाला?

तू तळ्याकडनं पळत आलीस. कपाळाला विभूती लावलेली, हात ओले. तू आधी काशीमावशीचा खांदा लुगड्यानं बांधलास, मग बांबूला झोळी करून तिला वनखात्याच्या चौकीपर्यंत नेलं. तिथनं गाडी मिळाली. चौकीवर कुणीतरी विचारलं, दोरी कुणी बांधली होती? माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तू माझ्या आधी बोललीस.

"मी बांधली. गाठ ढिली राहिली."

त्यावर मी काय केलं? तोंड मिटलं.

नंतर मी स्वतःला एक गोष्ट सांगायला लागले अन् ती मला पटतही गेली. तू रोज सगळ्यांच्या आधी उठतेस. गळ्यातल्या लिंगाची पूजा करतेस. नैवेद्याला गुळाचा खडा लागतो. गूळ ड्रमात होता. म्हणजे पहाटे तूच ड्रम खाली घेतला असशील, गूळ काढून झाकण तसंच ठेवून तळ्यावर गेली असशील. म्हणून तुझ्या कपाळाला विभूती होती. म्हणून तू कबूल केलंस. हे इतकं नीट जुळत होतं की मी त्यावर तीन वर्षं निजले. अधूनमधून जाग यायची, ते वेगळं.

आता हे झाकण. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी नेऊन, शाळेतलं भिंग लावून बघितलं मी. दाताची एक खूण नाही, नखाचा ओरखडा नाही. म्हणजे अस्वलानं ते तोडलं नाही. उघडंच होतं किंवा ड्रम आपटल्याबरोबर सुटलं. तू ते त्याच गडबडीत बघितलंस, उचललंस अन् झोळीत घातलंस, म्हणजे दुसऱ्या कुणी बघू नये असं तुला वाटलं. कुणासाठी गं? माझी गाठ बघून तुला सगळं कळलं अन् तू मला झाकलंस? की पहाटे तूच उघडं ठेवलं होतंस अन् स्वतःला झाकलंस? पण स्वतःला झाकायचं असतं तर चौकीवर "मी बांधली" कशाला म्हणालीस? अन् मला झाकायचं होतं तर झाकण फेकून द्यायचंस की. तळं समोर होतं. तीन वर्षं चोळीच्या तुकड्यात गाठ मारून कुणी ठेवतं का?

मी रत्नाला आडून आडून विचारलं, आई नैवेद्याला काय ठेवायची? ती म्हणाली, "गूळ. न्हाई सापडला तर नुसतं पाणी. कामून गं?" मी म्हणाले, सहज.

त्या वर्षानंतर तू रानात आली नाहीस. गुडघ्याचं कारण सांगितलंस. टोळी माझ्याकडं आली, कारण मी शिकलेली अन् माझा ड्रम 'बरोबर' होता, गाठ तुझी चुकली होती. असं बायका म्हणायच्या, तुझ्यासमोरसुद्धा. तू जीपपाशी यायचीस, शेंगापोळ्यांचं फडकं द्यायचीस. परत आल्यावर एकच प्रश्न. "शिदोरी कुटं ठेवली?" मी म्हणायचे, ड्रमातच की, नवीन झाकण घेतलंय, टांगायची काय गरज. ते खोटं होतं, अक्का. दोन्ही वर्षी मी दोन झाडांमध्ये दोरी ताणली. पावलं मोजली नाहीत, हाक मारून बघितली. मी हे तुला सांगायला पाहिजे होतं. एवढं तरी सांगायला पाहिजे होतं, ते झाकणाचं जमत नव्हतं तर. पण ते सांगितलं असतं तर हे बाहेर आलं असतं, अशी मला धास्ती. अन् तू "बरं" म्हणून म्हशीला पाणी दाखवायला उठायचीस.

आता तुझ्या नावाच्या जेवणाचं सांगते.

अकराव्या दिवशी पूजेला जंगम अन् जेवायला भाऊबंद बोलवायचं ठरलं. रत्ना एकच म्हणत होती, "काशीमावशी आली पायजे. ती न्हाई आली तर आईला घास लागनार न्हाई." पण काशीमावशी तुला मातीत बसवतानाही आली नव्हती. दार लावून बसली. तीन वर्षं ती तुझ्याशी बोलत नव्हती, गल्लीत समोरून आलीस तर तोंड फिरवायची. तुझं नाव घेऊन दिलेल्या शिव्या तर सगळ्या गल्लीला पाठ. शांतानं माझा हात खाल्ला, अस्वलानं न्हाई. रत्ना दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा मी निघाले, झाकण पिशवीत घालून.

तुला खरं सांगते, मी कबूल करायला म्हणून निघाले नव्हते. मी काय म्हणून निघाले होते, ते मला वेशीपर्यंत जाऊनही ठरवता आलं असतं का, शंका आहे. घर चार दारं सोडून होतं.

ती उंबऱ्यात बसून डाव्या हातानं तुरी निवडत होती.

"आलीस का मास्तरीण. जेवायला बोलवायला आली असशील तर उलट्या पायी जा."

"दुसरं काम हाय." मी झाकण तिच्यासमोर ठेवलं.

"हे काय, पान्याच्या टाकीचं?"

"पाळण्याचं."

मग मी सगळं सांगितलं. पोळ्या, दात लावून सोडलेली तुझी गाठ, माझी नाडीची गाठ, न आठवणारं झाकण, तुझी विभूती, नैवेद्याचा गूळ, चोळीचा तुकडा. वर्गात सांगते तसं क्रमानं सांगायला गेले, पण मधेच मागचं पुढं झालं. ती तुरीतले खडे काढून बाजूला ठेवत राहिली.

"म्हंजे झाकन तू ढिलं लावलंस."

"असंल. न्हाईतर पहाटे अक्कानं उघडलं असंल. मला ठाव न्हाई."

"ठाव न्हाई? बी.एस्सी. करून एवढं बी ठाव न्हाई?"

"न्हाई."

"मग तीन वर्षं मी शिव्या कुनाला दिल्या?"

ती एकदम हसायला लागली, अक्का. हसत हसत खोकली. "शांताची गाठ ढिली! अगं, तिनं बांधलेलं दावं सोडायला माझ्या नवऱ्याला विळा लागायचा. बैल म्हातारा हुईल पन गाठ सुटनार न्हाई, म्हनायचे ते. अन् ती मला सांगती, गाठ ढिली राहिली."

"म्हंजे तुला ठाव होतं? मग बोलत कामून नव्हतीस तिच्याशी?"

"म्हनूनच." तिनं सूप खाली ठेवलं. "हात अस्वलानं मोडला. त्याचं काय, त्याला दिसत न्हाई. पन शांता माझ्या तोंडावर खोटं बोलली. दवाखान्यात, मी खाटेवर पडलेली. मी इचारलं, खरं सांग, दोरी कुनी सोडली? मी कुनाला सांगनार न्हाई. तर म्हने, गाठ ढिली राहिली. फ्रॉक घालत होतो तवापासनं संगं हावं आमी, अन् मला गाठ ढिली सांगती! मला वाटलं, दोन दिवसांनी येईल, सांगील. सनाला येईल. म्हनून शिव्या देत हुते. शिव्या ऐकून तरी येईल."

"मला झाकायला खोटं बोलली असंल ती."

"असंल. न्हाईतर सोताला झाकायला. न्हाईतर दोन्ही बी." मग माझ्याकडं बोट केलं. "तुमी दोघीबी लबाड. एक मेली म्हनून सुटली."

मी उठले. झाकण तिनं पायानं माझ्याकडं सरकवलं. मी अंगणात पोचल्यावर मागून आवाज आला, "जेवन किती वाजता हाय?"

मी तुझ्यावर चिडलेय अक्का, हे तुला कळू दे. तू मला झाकलं असशील तर मी तुझ्याकडं झाकायला आले नव्हते. मैलूरला भाकरी मी मागितल्या नव्हत्या, पण त्या खाल्ल्या अन् त्यांच्यावर उभी राहिले, ते मला मान्य आहे. हे मान्य नाही. माझ्या चुकीचा डाग माझ्या अंगावर राहू द्यायला पाहिजे होतास. शिकलेल्या बाईला तेवढं पेलतं. अन् तू स्वतःला झाकलं असशील तर मी तीन वर्षं मनातल्या मनात तुला दोष दिला तो बरोबर निघतो, अन् ते मला अजिबात नको आहे. दोन्हीतलं कोणतं खरं निघावं म्हणून मल्लय्याला साकडं घालू, मला कळत नाही. चांगलं कोणतं तेच कळत नाही.

जेवणाला ती आली. इरकलचं धुवट लुगडं नेसून, कुणाशी न बोलता, पंगतीत मधोमध येऊन बसली. टोळीच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पत्रावळी मांडल्या, रत्ना भात वाढत आली, सगळ्यांनी घास घेतला. काशीमावशीनं घेतला नाही. तिचा उजवा हात कोपरात वाकलाय तो तोंडापर्यंत जात नाही, हे मला तेव्हा, तिथं कळलं. घरी ती डाव्या हातानं चमच्यानं खाते, दार लावून. तीन वर्षांत एका पंगतीला बसलेली नाही. चार दारांवर राहते मी, अन् मला माहीत नव्हतं.

"मास्तरीण," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिकडं ये. भरव मला."

मी माझं पान उचलून तिच्या शेजारी गेले. पहिला घास दिला.

"हळू. दात हैत मला अजून. अन् सांग ह्यांना, कामून भरवायलीस ते."

मी सांगितलं. घास देत देत सांगितलं, थांबले की ती तोंड उघडून बसायची, मग घास द्यायचा अन् पुढचं सांगायचं. अक्कानं बांधून गेल्यावर ड्रम मी खाली घेतला होता. वरची गाठ माझी होती. झाकणाचं मला ठाव नाही, अक्काचंही ठाव नाही, गाठीचं ठाव आहे. जंगमांनी ताकाची वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवायची विसरले.

रत्ना भाताचं पातेलं घेऊन समोर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आपल्या हातातल्या वाढणीकडं बघितलं. "आईला तुमी सगळ्यांनी घरी बसवलं," एवढंच म्हणाली. अन् आमची दोघींची पानं सोडून पुढं गेली.

काशीमावशीनं रिकाम्या पत्रावळीवर डावा हात आपटला. "ए रत्ना! मला भात वाढ. अन् हिला बी वाढ. तुज्या आईच्या जेवनातनं उपाशी कोन उठनार न्हाई."

रत्ना परत आली. आधी तिला वाढला, मग मला. माझ्याकडं बघितलं नाही. भात गरम होता, हात एकच अन् पानं दोन. मी आधी काशीमावशीचा घास कालवला.